यवनांचे खांब

हुडकेश्वर, नागपूर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रशिकदादा,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिनं डॉक्टरांचं ऐकणं सोडलंय आणि गुडघ्याचंही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहितेय.

काल विहारात माझं व्याख्यान झालं, 'ग्रीक आणि आपण'. आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. सिकंदर आला आणि परत गेला, एवढंच लोकांना ठाऊक असतं. मी मागे राहिलेल्यांबद्दल बोलले. भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा मिलिंद ग्रीक होता, हे ऐकून पहिल्या रांगेतले दोन-तीन मिलिंद एकदम ताठ बसले! मग कार्ल्याच्या लेण्याकडे वळले. तिथले काही खांब यवनांनी, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकांनी, दान दिलेत. बाबांनी आपल्या लहानपणी पाट्या रंगवून उरलेल्या रंगानं आपल्याकडून ब्राह्मी अक्षरं गिरवून घेतली होती ना, त्याच अक्षरांत एका खांबावर कोरलंय, धेनुकाकट गावच्या सिंहधय यवनाचं दान. हे यवन जन्मानं ग्रीकच होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तेही सांगितलं. नाहीतर झोप लागली नसती.

रंभाबाईंनी मध्येच हात वर केला. "पोरी, नाव तं आपल्याकडचंच वाटते. मंग यवन काहून लिवलं?"

"नाव इथलं घेतलं, आजी. पण आपण कोण, ते गाळलं नाही."

"म्हंजे लपवलं नाही!" त्या मागे बसलेल्या बाबांकडे वळल्या. "लहानू, पोरगी तुयावरच गेली गा!"

टाळ्या वाजल्या. इतका अभिमान मला स्वतःचा कधी वाटला नव्हता. पण शेवटच्या रांगेत बाबांची मान खाली होती.

दादा, दोष द्यायला लिहीत नाही. पुण्यात पूर्ण नाव ऐकून घरमालक खोली नाकारत गेले, तेव्हा तू 'प्रशिक कुमार' झालास. तुझ्या जागी मी काय केलं असतं, खरंच माहीत नाही. पण मागच्या वर्षी बाबा तुझ्या दारासाठी पूर्ण नावाची पाटी रंगवून घेऊन आले, आणि तू म्हणालास, "इथं नको, बाबा." जन्मभर गांधीबागेत दुकानांवर लोकांची नावं रंगवणारा माणूस आपल्या मुलाचं नाव मांडीवर घेऊन परत आला. तेव्हापासून ती पाटी कागदात गुंडाळून कपाटावर होती. घरात कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

काल विहारातून आल्यावर बाबांनी ती खाली काढली. आडनावाचा रंग एका जागी उडाला होता, तिथं ब्रश फिरवला.

"त्या खांबावरचं अक्षर चांगलं हाय का वं?"

"फोटोत पाहिलं तेवढं सांगते. तुमच्याइतकं सरळ नाही."

हसले, दादा. किती दिवसांनी! मग म्हणाले, "नेऊन दे त्याले. लावायची का नाही, त्याचं तो पाहीन."

पुढच्या रविवारी मी येतेय. आधी कार्ल्याला जाऊ. त्या खांबाजवळ पाटी तुझ्या हातात देईन. दाराला लाव, नाहीतर पेटीत ठेव, मी रागावणार नाही. परत मात्र आणणार नाही.

पाकिटावर 'प्रशिक कुमार'च लिहिलंय. ते बदलायचा हक्क माझा नाही. इथं पत्राच्या कोपऱ्यात निळा डाग दिसेल, तो तुझ्या आडनावाचा रंग आहे. अजून पुरता वाळलेला नाही.

तुझी बहीण,
वैभवी लहानू गजभिये