घरबसल्या पक्षी

३ जानेवारी
संकल्प: यंदा पक्ष्यांमागे चिखल तुडवायचा नाही. घरातून किंवा बागेतून दिसतील तेवढेच यादीत धरायचे. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या क्लबात तसाच खेळ असतो. दरवर्षी नॉर्मन जिंकतो, कारण त्याचं घर तळ्याला लागून आहे. बाकी त्याला कळतं काय? यंदा पांढरं स्म्यू बदक माझ्या बागेत उतरणार. ठरलं.

७ जानेवारी
पाऊस. नदीकाठची कुरणं भरली. दर हिवाळ्यात भरतात. शेजारच्या क्लेमच्या शेतात टिटव्यांचा थवा, खिडकीतून स्वच्छ दिसला. क्लेम सकाळीच मेंढ्या टेकडीवर घेऊन गेला. शेत मोकळं करून दिलंस, आभारी आहे म्हटलं. बघतच राहिला. मग म्हणाला, आजोबांच्या काळानंतर इतक्या वर मेंढ्या आजच नेतोय. भला माणूस.

९ जानेवारी
बायकोची, हिलरीची, भुणभुण: दाराला पुराचं पाणी अडवायच्या फळ्या लाव. उन्हाळ्यात तिनेच त्या हिरव्या रंगवल्यात. लावतो म्हटलं. पण बागेच्या टोकाला मला बसायला आडोसा हवा होता, आणि फळ्या अगदी मापात बसल्या. पुरासाठी आणलेल्या वाळूच्या पोत्यांवर दुर्बीणही मुळीच हलत नाही.

११ जानेवारी, सकाळी
लॉनभर गांडुळं वर आलीत. कुरव तुटून पडलेत. झकास. कुत्रं मागच्या दाराकडे जायला तयार नाही. म्हातारं झालंय.

१२ जानेवारी
चक्रांग बदकं चक्क गल्लीत. नॉर्मनला फोन केला. कौतुक राहिलं बाजूला, विचारतो, अजून घरातच आहेस? जळतो मेला.
हिलरी कुत्र्याला घेऊन बहिणीकडे गेली. म्हणाली, तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. फळ्या लावल्यास की कळव, तरच परत येईन. नाहीतर बस तुझ्या बदकांबरोबर. संध्याकाळी लावतो. काम ते केवढं.

१३ जानेवारी
फळ्या काढायला गेलो. आडोशाशी गुडघाभर पाणी, आत पाणलावा अंग चोरून बसलेला. उठवणं जिवावर आलं. हिलरीला फोन करून सांगितलं, लावल्या. ती म्हणाली, खरंच? बरं, रविवारी येते. आवाज मऊ होता. वाईट वाटलं. उद्या लावतोच.

१४ जानेवारी
पाऊस थांबला. पक्षी एकही नाही, आवाजही नाही. पाणी मात्र गुपचूप चढतंय. दुपारी स्वयंपाकघरात फरशीच्या फटीतून वर आलं. दाराकडे बघत बसलो होतो, ते मागून आलं.

१५ जानेवारी
वरच्या मजल्यावर. वीज नाही. दुर्बीण गेली. खाली खुर्च्या जिन्यावर आपटताहेत, कुणी वर यायला बघतंय तशा.
हिलरीचा फोन. टीव्हीवर आमचं गाव दाखवलं म्हणे, हेलिकॉप्टरमधून. चर्चपाशी हिरव्या फळ्यांचं खोपटं तरंगत होतं. त्या आपल्याच ना, तिने विचारलं. तशा पुष्कळांकडे असतात म्हटलं. तिने फोन ठेवला.

१६ जानेवारी
क्लेम बोट घेऊन येतोय. खालून हाका मारतोय, मूर्खा, चपला राहू देत, आधी खिडकीत ये.
खिडकीत गेलो आणि स्म्यू दिसलं. पांढरंशुभ्र, बाग होती तिथे निवांत पोहत होतं. नियमात बसतं.
हिलरीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नॉर्मनला सांगावंसं वाटलं नाही.