मेंटलची राख

अण्णा, परवा अकरावीच्या वर्गात थोरियम शिकवलं. तुम्ही जन्मभर जे हाताळलंत त्याचं हे नाव, आणि ते तुमच्या कानावर कधी गेलंच नाही. चांदीसारखा धातू, हवेत उघडा राहिला की हळूहळू काळा पडतो. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडतो. त्याचं ऑक्साइड कितीही तापवा, सहजी वितळत नाही, उलट ज्योतीत पांढरंशुभ्र तेजाळतं. म्हणून गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये, त्या जाळीच्या इवल्या पिशवीत, ते असायचं. पुढेमागे त्यापासून वीज करायचा बेत आहे, हेही सांगितलं. आणि तो किरणोत्सारी आहे. त्याचे किरण साधा कागदसुद्धा अडवतो, पण धूळ श्वासातून छातीत गेली तर तिथं अडवायला काही नाही. एवढं बोलून मी फळ्याकडे तोंड केलं. पोरांना वाटलं, बाईंना खडूचा ठसका लागला.

सोनपेठला पुढं दुकान, मागं आपलं घर. लग्नसराईत दुपारपासूनच भाड्याच्या बत्त्या ओळीनं मांडलेल्या. फाटलेलं मेंटल काढायची तुमची रीत ठरलेली. बोट लावायचं नाही, तोंड जवळ नेऊन फूक मारायची. "हात लावला की चिकटती अन् तितंच ऱ्हाती. फूक मार, फूक!" राख भुर्रकन उडते, तुमच्या मिशांवर बसते, आणि मी हसतेय. एकदा माझ्या शिंकेनं चांगलं लावलेलं मेंटल ढासळलं, तेव्हा केवढ्यानं ओरडलात, "अगं, शिंकायला सगळं सोनपेठ पडलंय की!" बोट कापलं तर तीच राख चिमटीनं लावायचात. "लय गुणाची हाय, उद्या बघ." दुसऱ्या दिवशी जखम खरंच सुकलेली असायची, आणि तुमच्याएवढं हुशार जगात कुणी नाही असं मला वाटायचं.

तुम्ही विडीला कधी हात लावला नाहीत. तरी शेवटी दोन पायऱ्या चढताना दम लागायचा. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला, म्हणाले, धूळ असेल, रॉकेलचा धूर असेल, नक्की सांगता येत नाही. एवढी शिकूनही मला आज सांगता येत नाही. थोरियम निम्मं व्हायला चौदाशे कोटी वर्षं लागतात. दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला बसतो, मागं राख टाकायचो तिथं सिमेंट झालंय. खाली ते आहे तसंच असेल. फक्त तुम्ही उरला नाहीत. कुणाला जाब विचारावा तर तसा माणूसही सापडत नाही.

पण एक आहे, अण्णा. राखेतल्या किरणांचं हे मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच वाचलं होतं. तेव्हा तुम्ही धडधाकट होतात. सांगायचंच असं ठरवून मी शनिवारी एसटीनं घरी आले. दुकानात पालमचं एक गिऱ्हाईक होतं. "माजी लेक हाय, सायन्सला हाय," असं त्याला सांगून तुम्ही ऐटीत एका बत्तीवर फूक मारलीत. गावोगाव वीज आली होती, बत्त्या मागायला कुणी फारसं येत नव्हतं. तुमचा तो खुललेला चेहरा बघून माझी जीभ उचलली नाही. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आले, की तुमचा मान राखला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते वहीतच राहील. म्हणून खरं लिहिते. त्या दिवसापासून सुट्टीत घरी आले तरी मी परीक्षेचं निमित्त काढून दुकानात बसणं सोडलं. मधलं दार लावून घेतलं. "तिला हाका मारू नको, अभ्यास करायलीय पोरगी," असं तुम्ही आईला बजावलेलं मला आतून ऐकू आलं. मी अभ्यास करत नव्हते. राख माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून कडी लावली होती, आणि तुम्ही बाहेर होतात.