तारा म्हणजे तारा नव्हे

४ मार्च, सकाळी ७.४०
एक्स-रे विभागाच्या टेबलाखाली पालथा पडून भिंतीपासून कॉम्प्युटरपर्यंतचं अंतर मोजत होतो. २ मीटर ३५. वरून मोठी सिस्टर ओरडली, "पेशंट टेबलावर झोपतात, खाली नाही!"
साहेबांनी हॉस्पिटलच्या नेटवर्कचे दोन आराखडे तोलून अहवाल मागितलाय. पसंत पडला तर मला कायम करणार. मला! दहावीला दोनदा बसलेल्याला!

६ मार्च
अहवाल पूर्ण. नावं शुद्ध मराठीत दिली. पहिला आराखडा — प्रत्येक विभागातून एकेक तार थेट मधल्या खोलीत. दिसायला चांदणी, म्हणून "तारा रचना". दुसरा — लॅब, वॉर्ड, औषधं, हिशेब एकापाठोपाठ जोडून पुन्हा लॅब. "वर्तुळ रचना". यात एक तार तुटली की सगळेच मुके. शिफारस : तारा. शुद्धलेखन तीनदा तपासलं.

९ मार्च
साहेबांनी शीर्षक वाचून कपाळाला हात लावला. "तारा? अरे, परवाच भिंती रंगवल्यात! तारा नकोत. वर्तुळ घे."
म्हटलं, साहेब, इथे तारा म्हणजे तारा नव्हे. तारा म्हणजे तारा.
"जेवलास का सकाळपासून?"
वर्तुळालाही तारा लागतात, म्हटलं. "मग नावात का नाहीत?"
अहवाल उचलला आणि बाहेर आलो. नोकरीचा प्रश्न आहे.

१० मार्च
"तारा" खोडून "तारका" केलं. बैठकीत हिशेबनीस काका खूश. "कोणती रे तारका? उद्घाटनाला येतेय?" साहेब म्हणाले, बाईंचा खर्च परवडणार नाही. वर्तुळ मंजूर — एकमताने!
घरी आईने विचारलं, वर्तुळ म्हणजे काय. म्हटलं, गोल. वाटोळं.
"मग तसंच सांगायचंस की त्यांना! वाटोळं होईल म्हणून!"

१६ मार्च
वर्तुळ सुरू.

१७ मार्च
हिशेबनीस काकांनी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला. नेमका तारेत! लॅब बंद, वॉर्ड बंद, औषधं बंद. मोठी सिस्टर जिन्यावरून — "रक्ताचा रिपोर्ट कुठाय? ऑपरेशन खोळंबलंय!" मी लॅबमधून कागद उचलला आणि पळालो. मग दुसरा. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत एकसष्ट. एकही चुकीच्या वॉर्डात गेला नाही. साहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते. आता गेली नोकरी.

१८ मार्च
हुकूम हातात आला. कायम झालो!
पदनाम : नेटवर्क.