फाटकावरची पाटी

मी, हरिचंद्र धाऊ गायकर, वय ७६, राहणार पालेगाव, अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. दोन्हींचा दाखला डॉ. मिलिंद कर्णिक यांनी दिला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले, तर तो खोटारडा समजावा.

१. राहते घर माझी पत्नी पुतळाबाई हिचे. ती असेपर्यंत तिला कोणी ऊठ म्हणायचे नाही. तिच्यामागे ते मुलगा हरेश व मुलगी विनिता यांना निम्मे-निम्मे. हरेशने हक्कसोडीचा कागद पुढे केला, तर विनिताने सही करू नये.

२. परवान्याची बाराबोर बंदूक कोणालाही देत नाही. हरेशला ती हळदीत नाचताना खांद्यावर हवी असते. माझ्यामागे आठ दिवसांत ती पोलीस ठाण्यात जमा करावी आणि तोडून टाकण्याचा अर्ज द्यावा. कारण सांगतो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत माझा तांब्याच्या तारेचा कारखाना आहे. तांब्यावर चोरांचा कायम डोळा. विनिता म्हणाली, "अण्णा, मालाचा विमा काढा, माणसाच्या हातात बंदूक देऊ नका. तार परत येते." हरेश म्हणाला, "बंदूक दिसली ना, की कोणाची टाप नाय." मी दोघांचेही ऐकले आणि तिथेच माती खाल्ली. विमा काढला. बंदूकही दिली, जवळच्या जांभूळ गावचे निवृत्त फौजी दौलतराव शिर्के यांच्या हातात, परवान्यात त्यांचे नाव रीतसर चढवून. विम्याचे मात्र त्यांना कळू देऊ नका, अशी घरात ताकीद दिली. विमा आहे हे कळले की राखणदार डोळा मिटतो, हे माझे शहाणपण.

तीन वर्षांपूर्वी, गावदेवीच्या जत्रेच्या दिवशी, कारखाना बंद असताना भर दुपारी चौघे टेम्पो घेऊन आले. दौलतरावांनी फाटक अडवले आणि हवेत बार काढला. समोरच्याने गावठी कट्टा काढून त्यांना गोळी घातली आणि सगळे पळाले. पुढे पकडला गेला तेव्हा तो म्हणाला, बंदूक बघून घाबरलो. इस्पितळात दौलतरावांनी मला विचारले, "शेठ, माल गेला नाही ना?" मी म्हणालो, "एक वेटोळंसुद्धा नाही." त्यांना बरे वाटले. तेव्हाही विम्याचे बोलायला माझी जीभ उचलली नाही. संध्याकाळी ते गेले. त्यांच्या स्वतःच्या नावाचा विमा मी कधी काढलाच नव्हता.

३. कारखाना हरेशला, पण अटीवर. तिथे हत्यारबंद माणूस ठेवायचा नाही. विमा आधी माणसांचा, मग मालाचा. फाटकावर ठळक अक्षरांत पाटी लावायची: "येथील मालाचा विमा आहे. चोर आल्यास राखणदाराने बाजूला व्हावे." चोरही वाचतील. वाचू देत. लोक हसतील, त्यांनाही हसू दे. पाटी काढली, तर कारखाना विनिताचा.

४. बदलापूरचा, बेलवलीतला फ्लॅट दौलतरावांच्या पत्नी बनूबाई यांना. तो देताना वरील मजकूर त्यांना वाचून दाखवावा, असे मी आधी कच्च्या खर्ड्यात लिहिले होते. साक्षीला बोलावलेला माझा चाळीस वर्षांचा दोस्त, उल्हासनगरचा कमलेश, ते वाचून भडकला. "अण्णा, मरने के बाद बोलेगा? वो कुछ पूछेगी तो जवाब कौन देगा, तेरा फोटो?" मला राग आला. दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीतून जांभूळला गेलो आणि बनूबाईंना सगळे सांगितले.

त्यांनी आधी गॅस बंद केला. मग विचारले, "म्हंजी ते नुसतं बाजूला झालं असतं, तरी चाललं असतं?"

मी "हो" म्हणालो.

 फ्लॅट त्या घेतील की नाही, मला माहीत नाही. मी दारातून निघताना म्हणाल्या, "आत्ता जे हो म्हनला, ते कागदावर लिवा. पोरांना दावायचंय."

म्हणून शेवटचे कलम त्यांच्या सांगण्यावरून लिहितो.

५. हो. चालले असते.

सही: हरिचंद्र धाऊ गायकर

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली:
१. डॉ. मिलिंद कर्णिक, अंबरनाथ
२. कमलेश होतचंद तलरेजा, उल्हासनगर

पालेगाव, दि. ९ नोव्हेंबर २०२५