लाल चहाचा ढीग

६ फेब्रुवारी
सगळा डोंगर करपलाय, आणि आमचं झुडूप हिरवंगार! खालच्या मोठ्या मळ्यात लावलेला रूईबोस, म्हणजे लाल चहाचं झुडूप, उभाच्या उभा वाळला. आमचा रानातला मात्र ताठ. ना कुणी लावला, ना कुणी पाणी घातलं. बाबा म्हणाले, "त्याचं मूळ कुठवर गेलंय ते देवालाच ठाऊक. दुष्काळाचा बाप आला तरी हलणार नाही." मला असा अभिमान वाटला, जणू मीच पेरलं होतं! बी ओढून नेऊन पेरतात खरं तर मुंग्या.

८ फेब्रुवारी
कापणी. हात सोलवटले. गेर्टकाकाने एक झुडूप पार बुडापर्यंत छाटलं, तर बाबा कडाडले, "अरे, थोडं ठेव त्याच्या अंगावर! पुढच्या वर्षी काय खडक उकळून पिणार?" काका धुसफुसला. त्याला चहाच्या कामातली बाबांची जागा हवी आहे, हे साऱ्या वाडीला माहीत आहे.

९ फेब्रुवारी
पाला बडवून, ओला करून खळ्यावर ढीग लावला. यंदा वाडीचा मिळून एवढा एकच! आत तो तापेल, लाल होईल, मधासारखा वास सुटेल. नेमक्या त्या घटकेला उघडला तर चहा, उशीर झाला की गुरांचं आंबोण. ती घटका बाबांचं नाक सांगतं. त्यांनी पहिली मूठ उचलल्याशिवाय ढिगाला कुणी हात लावत नाही. आजोबांच्याही आधीपासूनची रीत आहे ही.

गेर्टकाका म्हणाला, "सारेल, म्हातारा झालास. आता माझं नाक घे."
"तुझं नाक बाटलीच्या बुचापर्यंतच पोचतं!" बाबा म्हणाले. सगळे खो खो हसले. असा बाप कुणाला आहे!

दुपारी दूरच्या वाडीतल्या माझ्या मैत्रिणीचा, लेनाचा निरोप आला. बाळाचं पोट दुखतंय, रडून निळं पडतंय. गेल्या वर्षीचा चहा पुरचुंडीत बांधून तिच्याकडे निघाले. दोन चमचे कोमट पाजला, बाळ ढेकर देऊन झोपलं. शाब्बास रे झुडपा!

१० फेब्रुवारी
सकाळी परतले. ओढ्यापाशीच वास आला — मध! पळत सुटले. खळ्यावर सगळे दाताळी घेऊन ताटकळलेले, आणि बाबा दगडावर बसलेले. "मघापासून विचारतोय," गेर्टकाका ओरडला, "तर म्हणे द्रिका येऊ दे! चहा काय हिच्यासाठी थांबणार आहे?"

बाबा नुसते माझ्याकडे बघत होते. उठेनात! आणि मधाच्या खालून आंबूस वास यायला लागला होता. वाडीचं अख्खं वर्ष त्या ढिगात! मी हात खुपसला आणि पहिली मूठ उचलली.

मग काका: "बाप जिवंत असताना? लाज आहे का पोरी?"

बाबा उठले. "मीच सांगून ठेवलं होतं तिला. बघता काय, पसरा!"

खोटं! चक्क खोटं. मला काहीच सांगितलं नव्हतं.

११ फेब्रुवारी
उन्हात वाळला. काय लाल आलाय! पहिली किटली खळ्यावरच. गेर्टकाकाने एक शब्द न बोलता तीन कप रिचवले — म्हणजे झालाय झकास. मान ताठ करून हिंडले दिवसभर. पण बाबांवर रागही आहे. ऐन वेळी असे बसून का राहिले? विचारलं, तर शेळ्यांकडे निघून गेले.

१२ फेब्रुवारी, रविवार
चर्चहून येताना बाबांनी विचारलं, "यंदाच्या चहाचा वास कसा आहे गं?"
मला वाटलं, टोमणा मारताहेत. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक नाही?"
"तुझी आई गेली त्या हिवाळ्यात माझं नाकही गेलं. तेव्हापासून ढिगापाशी तुझ्या तोंडाकडे बघतो. तुझा चेहरा फुलला, की मी मूठ उचलतो. परवा तो फुललाच नाही."