कडं काढायचं नाही

प्रिय माय,

नाही म्हणजे नाही. तू तिकडून हात हलवून "जाऊ दे ना बाप्पा, कायले तंडतं" म्हणशील, मले माहीत आहे. पण या वेळी मी जाऊ देणार नाही. तुझं "जाऊ दे" ऐकून ऐकून माझे कान किटले होते. तुले जाऊन सव्वा वर्ष होत आलं, तरी ते "जाऊ दे" आपल्या घरात राहूनच गेलं! आता ते शांतीच्या मानगुटीवर बसलं आहे.

परवा तिचं पत्र आलं, म्हणून लिहून राह्यलो. नाही तर मेलेल्या माणसाले पत्र लिहायला मी काय येडा आहे? पत्ता कोणता टाकू?

माय, तुझ्यासारखेच आता शांतीचे हात थरथरतात. या हिवाळ्यापासून. एकोणीस वर्षांची पोर! बांगडी भरायला बसली की बोटं आपली आपली नाचतात. पण ती गप बसली नाही. तुझ्या पेटीतलं, मी केलेलं ते जड कडं काढलं आन हाताले घातलं. वजनानं हात बसला. शिरपूरच्या देवळापाशी जात्रेकरू बाया उतरतात, त्यांच्यात दोन महिने बांगड्या भरल्या, चार-पाचच्या वर फुटल्या नाहीत, असं लिहिते.

आन आता मामीनं स्थळ आणलं. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी पाव्हणे शांतीले पाहायला येणार. मामी रिसोडहून येऊन तिले काय सांगून गेली, ते तिनं जसंच्या तसं लिहिलं आहे: "पाव्हन्यापुढं ते लोढनं घालून येऊ नको. तुह्या मायनं बी काढून ठेवलंच होतं. शहानी होती ती."

शहाणी! तू जिवंत होती तेव्हा मामीनं तुले एकदा तरी शहाणी म्हटलं होतं काय व माय? मेल्यावर बाई शहाणी होते, कारण मेल्यावर ती उलटून बोलत नाही!

चहाच्या कपबशा कोण धरीन, असं शांतीनं इचारलं. तर म्हणे, "मी धरीन, तू नुसती मांगं मांगं ये." म्हणजे पाव्हण्यांनी मामीले पाहायचं का शांतीले?

पत्राच्या शेवटी शांती लिहिते, "दादा, मले काढावं वाटत नाही. पण माय काढत होती. तू सांग." बस. एवढंच. तिनं माझ्यावर सोडलं. म्हणून तुझ्याशी भांडल्याशिवाय मले तिचं उत्तर पोस्टात टाकता येत नाही.

माय, तुले आठवते, बाबा गेले तो दिवस? मी बारा वर्षांचा होतो. घरात खुंट्या खुंट्यांवर बांगड्यांच्या माळा, हिरव्या, लाल, चिंतामणी. आन त्यांच्याखाली बसवून बायांनी तुझ्या हातच्या बांगड्या दगडावर फोडल्या. कासाराचं घर, आन घरधनीणीचे हात मोकळे! नवव्या दिवशी मामा आले, म्हणाले, माल इकून टाकू. तू म्हणाली, "इकतेच ना. पन माह्या हातानं, आन बायाच्या हातात." खांद्यावर माळा घेतल्या आन निघाली. सकायच्या पारी तुझं तोंड पाहून दार लावून घेणाऱ्या बाया होत्याच. पण तुझ्यासारखी भरणारी पंचक्रोशीत नव्हती, म्हणून दुपारी त्याच बाया मागच्या दारानं बोलवत.

हात धरला की तुले माप कळे. "सव्वादोनचा हाय व तुहा, अडीच कायले मांगतं? लग्न झाल्यावर जाड होशील म्हनून?" अशी हसवत हसवत अंगठा मुडपायची, आन बांगडी कधी आत गेली ते पोरीले कळत नसे.

मग तोच हात नाचायला लागला. आधी बशीतला चहा सांडू लागला. मग बांगड्या. भरताना फुटली तर ती कासाराची, गिऱ्हाईकानं तिचा पैसा द्यायचा नाही, ही आपली रीत. एका डझनात तीन-तीन आपल्या पदरात पडू लागल्या. आन तोंडानं "फुटली" म्हणायची सोय नाही, "वाढली" म्हणायचं! वाशीमच्या डॉक्टरनं ताकदीची लाल बाटली देली. बाटली संपली, हात तसाच.

तवा मी इकडं जामनगरले पितळेच्या कारखान्यात लागलो होतो. दोन रात्री आन तीन गाड्या दूर. तिथं आमचा म्हातारा कारागीर करसनकाका. त्याचा हात तुझ्यापेक्षा जास्त हले. पण कामाले बसला की मनगटाले चामड्याचा पट्टा बांधे, आत शिशाचे छर्रे शिवलेले. पट्टा बांधला की हात खाली बसे आन लेथवर केसाएवढं माप काढे. मी इचारलं तर म्हणे, "खाली हाथ नाचता है, बोझवाला हाथ काम करता है."

त्याच रात्रपाळीत मी ठरवलं, मायसाठी असंच करायचं. पण मी चामड्याचं केलं नाही. कासाराच्या पोराले हाताले घालायची एकच वस्तू माहीत. पितळेचं पोकळ कडं केलं, दोन अर्धुकं, मधात बिजागरी, वरून पेच. आत शिसं ओतलं. पाव किलोच्या वर भरलं. आतून माझ्या जुन्या सदऱ्याचं कापड लावलं, कातडं सोलू नये म्हणून. माप घेतलं नाही. तुझ्या हाताचं माप मले झोपेत येतं. आन मग घासून घासून असं चमकवलं की करसनकाका म्हणाला, "अरे, माँ को दवा भेज रहा है कि दहेज? चमड़े में सी दे, चुपचाप." मी ऐकलं नाही.

दिवाळीले घेऊन आलो. तुले म्हणलं, हात सैल सोड. तू हसली, "कोनाले शिकवतं रे?" कडं तर उघडून घालायचं होतं, तरी तू सवयीनं अंगठा आत मुडपला. आठ वर्षांनी कोणी तुझ्या हातात काही भरत होतं. माझ्याच्यानं पेच लवकर बसेना.

मग शांतीनं चहा ओतला, बशी काठोकाठ. तू उचलली. चहा हलला नाही. म्हणजे थोडा हलला, खोटं कायले बोलू, पण सांडला नाही. तू बशीकडं पाहत राह्यली. म्हणाली, "हा हात माहा नाई वाटून राह्यला." मग सगळा चहा पिऊन म्हणाली, "नाई, माहाच हाय. लय दिवसानं घरी आला." दुसऱ्या दिवशी शेजारच्या कमलमावशीच्या हातात डझनभर भरल्या. एक वाढली नाही! मावशी म्हणे, "मी तं तयारीनं बसली होती, रक्त पुसाले फडकं घेऊन!"

मी जऊळक्याच्या टेसनावर गाडीत बसलो तवा माझी छाती फुगली होती.

त्यानंतरच्या दर पत्रात तू शांतीकडून लिहून घेतलं, "कडं घालून राह्यली. हात बरा हाय. कायजी करू नको." दर पत्रात, माय! मी ते पत्र करसनकाकाले वाचून दाखवत होतो. कारखानाभर मिरवत होतो. तू मले खोटं लिहून धाडत होती!

तुझी राख सावडायच्या दिवशी पोचलो, तवा शांतीनं रडत रडत सांगितलं. मी गेल्यावर महिन्याभरातच तू बाजाराच्या दिवशी मामाच्या बांगड्यांच्या दुकानात हातभार लावायला रिसोडला गेली. गिऱ्हाईक दाटलं होतं. एका बाईनं सहज इचारलं, "काय व कासारीनबाई, कडं पितयेचं का सोन्याचं?" तू सांगणार, पोरानं औषध म्हणून केलं. तेवढ्यात मामी गल्ल्यावरून बोलली, "अक्काले आता नटायची हौस आली. माह्या नंदव्याले जाऊन आठ वर्सं झाले, सोडा आता, काय म्हनता!" बाया हसल्या. सगळ्या हसल्या. आन तू काय केलं? पेच काढला. कडं कनवटीला खोचलं. तसंच पुढचं गिऱ्हाईक घेतलं. ती सातव्या महिन्याची, माहेरी आलेली पोर. हात नाचला, हिरवी बांगडी तिच्या मनगटातच तुटली, रक्त निघालं. तिची माय किंचाळली. मामीनं त्यांचे पाय धरले आन तुले म्हणाली, "तुमच्या हाताले कायचं पाप लागलं हाय हो अक्का?"

अरे! हात बसला तर हसता, आन नाचला तर पाप म्हणता? मग त्या हातानं करायचं तरी काय? तोडून पाठवायचा काय मले जामनगरले?

आन तू? "जाऊ दे" म्हणाली असशील. मामी आपली, पोरीचं पुढं तिलेच पाहायचं, जाऊ दे. गिऱ्हाईक तुटलं, जाऊ दे. फिरणं बंद केलं, घरी बसली, जाऊ दे. शांती म्हणते, कडं फक्त जेवायच्या वेळी घालत होती, दाराले कडी लावून. स्वतःच्या घरात, स्वतःची भाकर, चोरावानी!

पेटी उघडली तर तळाशी कडं. पण पिवळं दिसेना. तू त्याच्यावर फाटक्या छत्रीचं काळं कापड शिवलं होतं. एक टाका एवढा लांब, एक एवढा आखूड, काही तर नुसतेच हवेत गेलेले. किती दिवस लागले असतील तुले, माय, त्या हातानं? आन टाके घातले बिनकड्याच्या हातानंच, म्हणजे सुई कितीदा बोटात गेली असेल! शांती म्हणते, शिवून झालं त्या दिवशी तू ते घालून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, उभी राह्यली, आन परत आली.

तिथंच माझा राग माझ्यावर येतो. मामीवर जेवढा येतो त्याच्याहून जास्त. तूच हिंमत केली होती, गल्लीच्या तोंडापर्यंत का होईना. आन मी? मी कासाराचा पोरगा. ज्या घरात तुझ्या बांगड्या फोडल्या त्याच घरातला. नवरा गेलेल्या बाईच्या मनगटाले काय चालत नाही, हे सगळ्यांच्या आधी मले कळायला पाहिजे होतं. करसनकाका सांगत होता, चामड्यात शिव. पण मले चमक पाहिजे होती! मी तुझ्या आजाराले औषध पाठवलं का माझी कारागिरी मिरवली? तू काळं कापड शिवून माझी चूक झाकत होती, आन मी कारखानाभर सांगत होतो, माझ्या मायचा हात बरा झाला.

तू म्हणशील, एवढं समजते तर शांतीले काढायला सांग, चामड्याचा पट्टा दे, पोरीचं लग्न होऊन जाऊ दे. तू हेच म्हणशील. हजार मैलांवरून रागावणं सोपं असते, पाव्हणे पळाले तर दारात पोरगी उभी राहते, मी नाही. हेही खरं. दोन दिवस मी हाच इचार करून राह्यलो. कामावर बोट कापून घेतलं.

पण माय, रविवारी काढलं तर सोमवारी कधी घालणार? सासरी पहिला चहा सांडेल तवा? का तिनंही दाराले कडी लावून जेवायचं?

म्हणून मी शांतीले लिहिलं. कडं घाल. कपबशा तूच धर. कोणी इचारलं हे काय, तर सांग, हात हलतो, याच्यानं बसतो, भावानं केलं. पळणारे पळतील. मामी ओरडली तर माझं नाव सांग, माझं नाव त्यासाठीच आहे. "वरचं काळं कापड उसवून टाक," असंही लिहिलं होतं. मग खोडलं. राहू दे ते टाके. पाव्हण्यांनी पाहू दे, हे कोणी शिवलं आन कशा हातानं.

आन तुले हे वचन देतो. शांतीच्या हातचं कडं तिच्या मर्जीशिवाय कोणी काढणार नाही, मामी नाही, सासू नाही, नवरा नाही, आन मीही नाही. लग्न जमलं तर जमलं, नाही तर तुझ्या माळा तिच्या खांद्यावर आहेतच. आन आपल्या भागात ज्या बाईचा हात हलत असेल, सवाशीण असो का तुझ्यासारखी, तिले मी पट्टा शिवून देईन. चामड्याचा. आधी तिले इचारून, तुले कसा पाहिजे म्हणून. तुले मी इचारलं नव्हतं, माय.

या वेळी "जाऊ दे" म्हणू नको.

तुझा,
गजा

ता. क. शांतीच्या नावानं मनीऑर्डर केली. तिले लिहिलं, बाजाराच्या दिवशी कडं घालून रिसोडला जा, मामीच्याच दुकानातून नवा माल घे, आन रोख दे, उजव्या हातानं, सगळ्या बायांसमोर मोजून. पोस्टातून एक-एकच्याच नोटा माग म्हणलं, मोजायला वेळ लागला पाहिजे. साठ रुपये.