सोडलं एकदाचं

तेलीबांधा, रायपूर

आदरणीय यज्ञेश्वरभाऊ यांस बाबारावचा नमस्कार.

तुमचा गुडघा, वहिनींची शुगर अन् अमरावतीचं पाणी, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. इथे उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ रोज झाडतो, ती दुसऱ्या दिवशी परत बसते. रिटायर माणसाचं क्षेम एवढंच.

आता झालं ते सांगतो. आपले जावई गौतमराव उपग्रह सोडायच्या केंद्रात आहेत, हे तुम्हाले माहीतच आहे. तीन आठवडे ते घरी आले नव्हते अन् मंजिरी फोनवर हो-नाही एवढंच बोले. त्यात मागच्या मंगळवारी तुमच्या बहिणीच्या मोबाइलवर त्यांचा निरोप आला: ‘सोडलं एकदाचं. मोकळा झालो. दोन्हीकडून जाहीर होईपर्यंत कोणाले बोलू नका.’ विमलानं तो मले वाचून दाखवला. आपल्या पोट्टीले सोडलं म्हणे. मी पस्तीस वर्षं रेल्वेत पत्रव्यवहार सांभाळला (तेच नडलं). तासाभरात व्याहीबुवांले तीन पानी पत्र लिहून अकोल्याले कुरिअर केलं. त्यात त्यांच्या खानदानाबद्दल दोन परिच्छेद होते, ते इथे लिहवत नाहीत.

बुधवारी पेपर उघडला, तर सीमेवरून सहा महिने रुसलेल्या एका शेजारी देशाचा उपग्रह आपल्या रॉकेटनं सोडलेला, अन् दोन्ही सरकारांनी एकाच वेळी जाहीर केलेलं. आता ते लोक बोलणी करायले येऊन राहिले. (त्याच रॉकेटात आपलाही एक होता, सीमेवर नजर ठेवायले. शेजाऱ्याच्या वरातीले आपली घोडी द्यायची अन् आपल्या कुंपणाकडे लक्षही ठेवायचं, याले परराष्ट्र धोरण म्हणतात हे मले या वयात समजलं.) देशानं सोडून शेजारी जोडला, अन् मी त्याच सोडण्यावरून सोन्यासारखे व्याही तोडले. कुरिअरवाल्याकडे धावलो. तो म्हणे, ‘हव भैया, सुबह ही पहुँच गया.’ एरवी यांचं पार्सल इथल्या शेजारच्या सिलतऱ्याहून आठ दिवसांत येत नाही.

व्याहीबुवा मले काही बोलले नाहीत. त्यांनी पत्र सरळ मंजिरीले फोनवर वाचून दाखवलं. मग तिचा फोन आला. रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘बाबा, मले एक फोन करून विचारायचं होतं ना.’ खरं सांगतो भाऊ, लय थकलो मी.

तुमचा,
बाबाराव

ता.क. तुम्ही अकोल्याले जाऊन माझ्या वतीनं माफी मागावी, म्हणून हे लिहायले बसलो होतो. गरज राहिली नाही. व्याहीबुवा आता ते पत्र आल्यागेल्याले हसून वाचून दाखवतात म्हणे.

आणखी एक. नऊ दिवस झाले, मंजिरी माझा फोन उचलत नाही. मामाचा उचलते. ती सुखात आहे का, तेवढं विचारून कळवा. बाबा विचारून राहिले, असं सांगूनच विचारा.